लॉडविक हे आडनाव आले कुठून?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : महाबळेश्वरच्या लॉडविक पॉइंटवरील स्तंभाचा इंग्रजी लेख वाचताना नेहमी शंका येते, की ‘लॉडविक’ हे नाव समजायचे की आडनाव? स्मिथ, टेलर, विल्सन ही इंग्रजी आडनावे आपल्या कानावरून गेलेली असतात. लॉडविक मात्र या पॉइंटखेरीज कुठेच भेटत नाही. कोणी ते जर्मन असल्याचे सांगतात, तर आमचे एक स्नेही ते ‘लॉर्ड विक’चे अपभ्रष्ट रूप आहे असे छातीठोकपणे सांगतात. यातले खरे काय?
— एक निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : ‘लॉर्ड विक’ नावाचा कोणी लाटसाहेब महाबळेश्वरी आल्याची नोंद नाही, त्यामुळे आपल्या स्नेह्यांची व्युत्पत्ती गमतीची असली तरी ती बाजूला ठेवावी लागेल. जर्मन म्हणणाऱ्यांचे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे.

आधी त्या स्तंभाविषयी. पॉइंटला ज्यांचे नाव आहे ते जनरल पीटर लॉडविक, म्हणजे पीटर हे नाव आणि लॉडविक हे आडनाव. स्तंभावरील लेखानुसार ते एसेक्स परगण्यातील साउथ शूबरी येथील जॉन लॉडविक यांचे दुसरे चिरंजीव. १७९९ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले, नोव्हेंबर १८१७ मधील खडकीच्या लढाईत ब्रिगेड मेजर म्हणून हजर होते, १८२४ मध्ये कित्तूर येथे त्यांनी एका पलटणीचे नेतृत्व केले आणि साताऱ्याचे रेसिडेंट म्हणून त्यांची हिंदुस्थानातील कारकीर्द संपली. २८ ऑगस्ट १८७३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, दक्षिण फ्रान्समधील बान्येर-द-बिगोर या गावी त्यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी, १८७४ मध्ये, त्यांचे एकुलते एक चिरंजीव आर. डब्ल्यू. लॉडविक यांनी सरकारच्या परवानगीने हा स्तंभ उभारला; हे चिरंजीव त्या वेळी मुंबई इलाख्याचे अकाउंटंट जनरल होते. या डोंगरावर पाऊल ठेवणारे जनरल हे पहिले युरोपीय असून १८२४ मध्ये दाट जंगलातून तासन्‌तास वाट काढत ते एकटेच या टोकापर्यंत पोहोचले, असेही लेखात कोरले आहे. त्यातील ‘युरोपीय’ हा शब्द नजरेआड होऊ देऊ नये. क्षेत्र महाबळेश्वरचे देवस्थान त्यापूर्वी कित्येक शतके नांदते होते आणि कोळी, धनगर, धावड यांच्या वस्त्या याच रानात होत्या; त्यांच्यापैकी कोणाचा स्तंभ नाही, एवढाच फरक.

आता आडनावाकडे वळू. इंग्रजी आडनावांचे ढोबळमानाने चार वर्ग पाडले जातात. काही गावावरून पडलेली, काही धंद्यावरून, काही टोपणनावावरून आणि काही बापाच्या नावावरून. लॉडविक हे या चौथ्या वर्गातले, म्हणजे मुळात एक व्यक्तिनाव आहे. त्याचे मूळ प्राचीन जर्मानिक भाषांतील ‘ह्लूदविग’ या सामासिक नावात सापडते. ‘ह्लूद’ म्हणजे गाजलेला, कीर्तिमान, आणि ‘विग’ म्हणजे युद्ध. तेव्हा रणात नाव गाजवलेला तो ह्लूदविग. फ्रँक लोकांचा पाचव्या-सहाव्या शतकांच्या संधिकालातील राजा क्लोविस याचे नाव हेच. लॅटिन लेखनिकांनी त्याचे ‘लुदोविकुस’ केले आणि तेथून या नावाला दोन वाटा फुटल्या.

पहिली वाट लोकांच्या जिभेवरची. फ्रान्समध्ये बोलता बोलता मधली व्यंजने झिजली आणि ‘लुई’ उरले, जे पुढे फ्रान्सच्या राजांच्या एका लांबलचक मालिकेचे नाव झाले. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर तेच इंग्लंडात पोहोचून ‘लुइस’ झाले. दुसरी वाट लेखणीची. लॅटिन दस्तऐवजांतील लुदोविकुस हे रूप फारसे न झिजवता सुशिक्षितांनी इंग्रजीत उचलले आणि त्याचे ‘लोडोविक’, पुढे मधला स्वर गळून ‘लॉडविक’ झाले. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर लुइस हे तद्भव आणि लॉडविक हे तत्समाच्या अधिक जवळचे रूप. ‘कान्हा’ आणि ‘कृष्ण’ जसे एकाच मुळापासूनचे, तसेच हे. जर्मन ‘लुडविग’, इटालियन ‘लुदोविको’ आणि ‘लुईजी’, स्पॅनिश ‘लुईस’, पोलिश ‘लुदविक’, हंगेरियन ‘लायोश’ ही सारी याच मुळाची रूपे आहेत. संगीतकार बेथोव्हेन आणि आपले महाबळेश्वरचे जनरल यांच्यात काही साम्य असेलच तर ते एवढेच, की एकाचे नाव ते दुसऱ्याचे आडनाव.

सोळाव्या-सतराव्या शतकांत लोडोविक हे इंग्लंडात व्यक्तिनाव म्हणून बऱ्यापैकी परिचित होते. शेक्सपिअरच्या एका नाटकात वेषांतर केलेला राज्यकर्ता ड्यूक भिक्षू बनून वावरतो, तेव्हा तो लोडोविक हेच नाव धारण करतो. लंडनमधील शिंपी लोडोविक मगलटन (१६०९–१६९८) याने तर स्वतःला प्रेषित म्हणवून घेत एक पंथच काढला आणि त्या पंथाचे अनुयायी विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिले. नंतर व्यक्तिनाव म्हणून ते मागे पडले. बापाचे नाव आडनाव म्हणून ज्या थोड्या घरांत गोठून बसले होते, त्या घरांतच ते उरले. आणि ते दुर्मीळ का, याचे निम्मे उत्तर यात आहे.

उरलेले निम्मे उत्तर वेल्समध्ये मिळते. वेल्सच्या नैर्ऋत्य भागात हे आडनाव मुरलेले आहे. वेल्श लोकांत ‘लेवेलिन’ हे फार जुने आणि मानाचे नाव; स्वतंत्र वेल्सचा शेवटचा राजपुत्र लेवेलिन ॲप ग्रिफिथ १२८२ मध्ये मारला गेला. या नावाचा ह्लूदविगशी काडीचा संबंध नाही, परंतु इंग्रज आणि नॉर्मन कारकुनांना ते लिहिता येईना नि उच्चारता येईना, म्हणून त्यांनी आरंभीचा ‘ल’ जुळतो एवढ्या भांडवलावर ‘लुइस’ लिहायला सुरुवात केली. एकदा लुइस झाल्यावर लॅटिन कागदांत त्याचे लुदोविकुस होणे ओघानेच आले, आणि त्या कागदी रूपातून लॉडविक लोकांच्या तोंडी आले. सरकारी दप्तरात एकदा जे चुकीचे चढले ते पिढ्यान्‌पिढ्या पुसता येत नाही, हा अनुभव सातबारा पाहणाऱ्या कोणालाही नवा नाही.

वेल्समध्ये आडनाव ही वस्तूच उशिरा आली. इंग्लंडात साधारण १४०० पर्यंत बहुतेक घराण्यांना वंशपरंपरागत आडनावे मिळाली होती. वेल्समध्ये मात्र माणूस आपल्या नावापुढे ‘ॲप’, म्हणजे ‘चा मुलगा’, लावून बापाचे नाव सांगे, आणि त्याचा मुलगा पुन्हा आपल्या बापाचे नाव लावी. समजा, लॉडविकचा मुलगा विल्यम झाला, तर तो विल्यम ॲप लॉडविक, आणि त्याचा मुलगा जॉन ॲप विल्यम. तिसऱ्या पिढीत लॉडविक नाहीसा. आपण नाव, बापाचे नाव आणि आडनाव असे तिन्ही लावतो. वेल्श माणसाकडे तिसरा घटक नव्हता. सोळाव्या शतकात हेन्री आठव्याच्या काळातील कायद्यांनी वेल्सला इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत सामील करून घेतले, आणि कोर्टकचेऱ्यांच्या सोयीसाठी स्थिर आडनाव लावण्याची रीत वरिष्ठ वर्गांतून हळूहळू खाली झिरपत गेली. काही खेड्यांत ती एकोणिसाव्या शतकापर्यंत पुरती रुजली नव्हती. ज्या पिढीत ही साखळी थांबली त्या पिढीच्या बापाचे नाव आडनाव होऊन बसले. ‘ॲप’ कधी गळला, कधी नावाला चिकटला. ॲप हॉवेलचे पॉवेल, ॲप रीसचे प्राइस, ॲप रिचर्डचे प्रिचर्ड ही त्याचीच उदाहरणे. डेव्हिड, जॉन, विल्यम अशी नावे घरोघरी असल्याने डेव्हिस, जोन्स, विल्यम्स ही आडनावे वेल्समध्ये पोत्याने सापडतात. लॉडविक नावाचे बाप मुळातच मोजके, म्हणून लॉडविक आडनावाची घरेही मोजकीच.

एवढ्याने विषय संपत नाही, कारण या आडनावाचा तिसरा उगम समुद्रापलीकडे आहे. डच भाषेत या नावाचे रूप ‘लोडेवेइक’ असे होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश अमलाखालील नेदरलंड्समधून धर्मच्छळामुळे हजारो प्रॉटेस्टंट कुटुंबे इंग्लंडात आली आणि त्यांच्याबरोबर आलेली नावे इंग्रजी वळणाने लिहिली गेली. अशाच एका निर्वासित घराण्यात लंडन येथे १६१९ मध्ये फ्रान्सिस लॉडविक यांचा जन्म झाला. हे गृहस्थ पेशाने व्यापारी. विद्यापीठाचे शिक्षण नसताना त्यांनी सगळ्या भाषकांना वाचता येईल अशा सार्वत्रिक लेखनपद्धतीवर १६४७ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली, शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांच्याशी त्यांचे निकटचे संबंध होते आणि पुढे ते रॉयल सोसायटीचे सभासदही झाले.

मराठी वाचकाला त्यांच्याविषयी आस्था वाटावी असे एक कारण आहे. १६८६ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक सार्वत्रिक वर्णमाला मांडली. तिच्यात व्यंजनांची मांडणी उच्चारस्थानांनुसार तक्त्यात केलेली आहे, एका वर्गातील अक्षरे एकाच मूळ आकृतीत ठरावीक फेरफार करून साधलेली आहेत, आणि स्वर वेगळी अक्षरे म्हणून न लिहिता व्यंजनाच्या माथ्यावर खुणांनी दाखवले आहेत. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग आणि व्यंजनाला चिकटणाऱ्या मात्रा पाटीवर गिरवलेल्या माणसाला त्या तक्त्यात आपली बाराखडीच वेगळ्या पोशाखात उभी असलेली दिसते. लॉडविक आडनावाच्या सर्वांत गुणी माणसाचे नाव विचाराल तर आम्ही जनरलसाहेबांचे न सांगता या व्यापाऱ्याचे सांगू.

तर मग पीटर लॉडविक यांचे घराणे वेल्श की डच? नुसत्या आडनावावरून हे कोणालाही ठरवता येणार नाही, आणि जो ठरवून देतो त्याच्यापासून सावध राहावे. एकच आडनाव एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेल्या घरांत स्वतंत्रपणे पडू शकते, हे आपल्याला पाटील आणि कुलकर्णी या आडनावांवरून पुरेपूर ठाऊक आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. सरकारने लॉडविक यांचे नाव देण्याआधी याच जागेला ‘सिडनी पॉइंट’ म्हणत. सिडनी हे नेमके उलट दिशेने गेलेले नाव आहे. ते मुळात आडनाव, पुढे व्यक्तिनाव म्हणून वापरात आले. मुंबईचे गव्हर्नर सर सिडनी बेकविथ, जे १८३१ मध्ये महाबळेश्वरीच वारले, त्यांचे ते व्यक्तिनावच होते.

प्रश्न : सातारा संस्थान खालसा झाले तेव्हा तेथे असलेल्या बार्टल फ्रिअर यांचे आडनावही असेच अपरिचित वाटते. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग पाहिले तर ‘फ्रेरे’ असे वाचावेसे वाटते. ते फ्रेंच आहे काय?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, मिरज

उत्तर : शब्द फ्रेंच, घराणे इंग्रज. जुन्या फ्रेंचमध्ये ‘फ्रेर’ म्हणजे भाऊ. लॅटिन ‘फ्रातेर’, इंग्रजी ‘ब्रदर’ आणि आपला संस्कृत ‘भ्रातृ’ हे एकाच कुळातले शब्द. मध्ययुगीन इंग्रजीत हाच शब्द ख्रिस्ती भिक्षूंसाठी रूढ झाला. डोमिनिकन भिक्षू १२२१ मध्ये आणि फ्रान्सिस्कन भिक्षू १२२४ मध्ये इंग्लंडात आले आणि गावोगाव हिंडू लागले, त्यानंतर हे संबोधन सर्वांच्या परिचयाचे झाले. यावर साहजिकच असे मनात येते, की ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या भिक्षूचे आडनाव पुढच्या पिढीला मिळाले कसे? उत्तर असे, की ते भिक्षूच्या वंशजांचे आडनाव नसून टोपणनाव आहे. एखादा गृहस्थ फार देवभोळा असे, किंवा तसा आव आणी, किंवा कोणाचा धाकटा भाऊ म्हणूनच ओळखला जाई, त्याला हे नाव चिकटले. इंग्रजीतील ॲबट, बिशप, पोप ही आडनावेही बहुतांशी अशाच थट्टेतून आलेली आहेत. आपल्याकडेही बैरागी आडनावाच्या घरात चार मुले नि दुभती म्हैस असतेच.

पुढे बहुतेक घरांनी उच्चाराप्रमाणे फ्रायर, फ्रीअर अशी स्पेलिंगे स्वीकारली. ज्या थोड्या घरांनी जुने फ्रेंच वळण सोडले नाही त्यांचे स्पेलिंग आपण पाहिले तसे राहिले. इंग्रज मात्र ते ‘फ्रिअर’ असेच उच्चारतात, म्हणून मराठी लेखनातही तेच रूप बरोबर.

बार्टल फ्रिअर यांचे घराणे पूर्व इंग्लंडातील नॉरफोक-सफोक भागातले. त्यांचे आजोबा जॉन फ्रिअर यांनी १७९७ मध्ये सफोकमधील हॉक्सन येथील विटांच्या मातीच्या खाणीत खोलवर सापडलेली गारगोटीची हत्यारे लंडनच्या पुराणवस्तू मंडळाकडे धाडली आणि ती धातूंचा वापर माहीत नसलेल्या, फार फार प्राचीन काळातील माणसांची असावीत, असे सोबतच्या पत्रात लिहिले. माणसाचे वय सहा हजार वर्षांत मोजण्याच्या त्या जमान्यात हे विधान केवढे धाडसाचे होते, हे ओळखायला विद्वानांना साठ वर्षे लागली. पूर्व आफ्रिकेत आदिमानवाचे अवशेष शोधणाऱ्या मेरी लीकी या आईकडून याच जॉन फ्रिअर यांच्या वंशातल्या. बार्टल फ्रिअर १८४७ मध्ये रेसिडेंट म्हणून साताऱ्यास आले. १८४८ मध्ये शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज वारल्यानंतर दत्तक वारस मान्य करावा असे त्यांचे मत होते. ते डावलून संस्थान खालसा झाले आणि कमिशनर म्हणून कारभार त्यांच्याच गळ्यात पडला. १८५० मध्ये ते सिंधमध्ये गेले आणि १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांची कन्या मेरी हिने आपल्या आयेकडून ऐकलेल्या दख्खनी लोककथांचा संग्रह १८६८ मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईतील फ्रिअर रोडचे नाव आता पी. डि’मेलो मार्ग आहे. कराचीतील फ्रिअर हॉल मात्र त्यांच्याच नावाने उभा आहे.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडात असतो. तेथील पर्यटनस्थळांच्या दुकानांत कोणत्याही आडनावाचे मानचिन्ह, म्हणजे ढाल, शिरस्त्राण, सिंह वगैरे, आणि सोबत आडनावाचा इतिहास छापून मिळतो. असा कागद विश्वासार्ह मानावा काय? नसेल तर एखाद्या इंग्रज घराण्याचा खरा शोध कोठे घ्यावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भिंतीवर लावायला हरकत नाही, पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. इंग्लंडात मानचिन्ह हे आडनावाला दिले जात नाही. ते विशिष्ट व्यक्तीला सनदेने मिळते आणि तिच्या वंशजांकडे वारशाने जाते. त्याचा कारभार १४८४ मध्ये स्थापन झालेले लंडनमधील ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ पाहते. दुकानदार काय करतो, तर त्या आडनावाच्या कोणा एका माणसाला कधीकाळी मिळालेले चिन्ह उचलून त्या आडनावाच्या सगळ्यांना विकतो.

खऱ्या शोधाचा मार्ग कंटाळवाणा, पण सरळ आहे. ज्ञात माणसापासून एकेक पिढी मागे जायचे. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी जुलै १८३७ पासून सुरू झाली, आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेत घरातील प्रत्येकाचे नाव १८४१ पासून मिळते. त्याआधी चर्चच्या नोंदवह्या. या वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा आहे, जरी अनेक गावांच्या सुरुवातीच्या वह्या कसरीने नि ओलीने गिळल्या. हिंदुस्थानात नोकरी केलेल्यांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज तेथील ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात. कंपनीच्या सैन्यात अधिकारी म्हणून भरती होणाऱ्या तरुणांचे अर्जही तेथेच असून, त्यांना वयाचा पुरावा म्हणून बहुधा बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो. वाईच्या बाईंनी विचारलेल्या जनरल लॉडविक यांच्या घराण्याचा छडा कोणाला लावायचा असेल, तर स्तंभावरच्या लेखात साउथ शूबरी हे गाव, वडिलांचे नाव आणि १७९९ हे भरतीचे वर्ष अशी तिन्ही टोके दिलेली आहेत. आपल्या चिरंजीवांना सवड असल्यास एसेक्सच्या त्या गावची चर्चची वही त्यांनी जरूर पाहावी.